साबण निवडण्याआधी पाणी ओळखा

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभर किलोमीटर गेलं की माण तालुक्यातली दहिवडी लागते. तिथे ५०० मिलिमीटर झाला तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. पुढे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, जत, कवठेमहांकाळची गत तीच. पश्चिमेला डोंगरातून उतरलेलं हलकं पाणी, पूर्वेला खोल बोअरमधून खडकातले क्षार घेऊन वर आलेलं जड पाणी. किराणा दुकानात धुण्याचे पुडे मात्र दोन्हीकडे तेच. आणि पर्यावरणाला कमी त्रास देणारा साबण कोणता, असं विचारलं तर दोन्हीकडे उत्तरही एकच मिळतं: हिरव्या पानाचं चित्र असलेला, थोडा महाग.

ते उत्तर अपुरं आहे. साबणाची निवड पुड्यावरून करू नये, पाण्यावरून करावी. आपल्या घरात पाणी येतं कुठून आणि धुणं झाल्यावर ते जातं कुठे, हे आधी बघावं. वाई, सातारा, कराड, सांगली, मिरज इथलं बरंचसं सांडपाणी शेवटी कृष्णेत किंवा तिला मिळणाऱ्या नद्यांत उतरतं. वाड्यावस्त्यांवर तेच पाणी मोरीमागच्या आळूत, केळीत नाहीतर शोषखड्ड्यात जिरतं. नदीला जो घटक सर्वांत जास्त बाधतो, तो मातीला फारसा बाधत नाही. मातीचा खरा शत्रू दुसराच आहे. म्हणून वाईच्या घरासाठी योग्य असलेली पावडर आटपाडीच्या घरासाठी योग्य असेलच असं नाही.

पाणी ओळखायला यंत्र लागत नाही. झाकणाची एक पारदर्शक बाटली घ्या, अर्धी पाण्याने भरा आणि त्यात अंगाच्या किंवा कपड्याच्या साध्या साबणाचा नखाएवढा तुकडा किसून टाका. डिटर्जंटची वडी इथे चालणार नाही, तेलापासून केलेला साबणच हवा. बाटली अर्धा मिनिट जोरात हलवा. भरपूर, टिकणारा फेस आला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर पाणी हलकं. फेस धरला नाही, पाणी दुधासारखं झालं आणि वर पांढुरकी साय तरंगू लागली तर पाणी जड. शंका असेल तर दुसऱ्या बाटलीत पावसाचं पाणी घेऊन शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल. डाळ लवकर न शिजणं, गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर चढणं, या त्याच्याच खुणा. नेमका आकडा हवा असेल तर गावच्या जलसुरक्षकाला विचारा. पिण्याच्या पाण्याचे नमुने ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत जातच असतात. त्या अहवालात ‘एकूण कठीणपणा’ अशी नोंद असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात हा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. तुमच्या बोअरचा आकडा ३००–४०० च्या पुढे असेल, तर धुण्याच्या दृष्टीने ते निश्चित जड पाणी आहे.

जावळी, पाटण, महाबळेश्वर, वाईचा पश्चिम भाग किंवा कास तलावाचं पाणी येणारं सातारा शहर, इथे काम सोपं आहे. हलक्या पाण्यात साधा साबण उत्तम चालतो. जुन्या पिढीच्या घरांत ५०१ बार होता, तो याच जातीचा: तेल आणि क्षार यांपासून केलेला खरा साबण. असा साबण निसर्गात लवकर आणि पूर्ण विघटित होतो. गाळात, डबक्यात, जिथे प्राणवायू नसतो तिथेही त्याचं विघटन होतं. पावडरच वापरायची असेल तर पुड्यावर लिहिलेल्या मापाच्या निम्मी पुरते. ते माप सगळ्या देशातल्या सगळ्या प्रकारच्या पाण्यासाठी धरलेलं असतं, त्यात हलक्या पाण्याच्या माणसाची पावडर फुकट जाते आणि ओढ्यात वाहते.

जड पाण्यात हाच साबण फसतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून चिकट मळी तयार करतं, ती कपड्यात बसते, पांढरे कपडे राखाडी पडतात, टॉवेल कडक होतात आणि माणूस अजून साबण चोळत राहतो. म्हणून जत-आटपाडीच्या वाचकाला मी ‘साबणाकडे परत या’ असा सल्ला देणार नाही. तिथे डिटर्जंटच घ्यावा, कारण कमी मालात आणि कमी पाण्यात काम होतं, आणि तिथे पाण्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही. फक्त कोणता डिटर्जंट, हे नीट बघून घ्यावं.

त्यासाठी पुड्यात काय असतं ते माहीत हवं. मळ सोडवणारा मुख्य घटक पावडरीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षाही बहुधा कमी असतो. आपल्याकडच्या पावडरींत तो बहुतेक वेळा ‘एलएएस’ नावाचा असतो. धंद्यातले लोक त्याच्या कच्च्या मालाला ‘अॅसिड स्लरी’ म्हणतात. दुसरा भाग पाण्याचा जडपणा मोडणाऱ्या क्षारांचा: धुण्याचा सोडा, झिओलाइट किंवा फॉस्फेट. उरलेला भरणा सोडियम सल्फेट, साधं मीठ, डोलोमाइट किंवा खडूची पूड यांचा. शिवाय रंग, वास, कपडा उजळ भासवणारी चमक द्रव्यं आणि चांगल्या पावडरीत थोडी एन्झाइम्स. स्वस्त पावडरीत निम्म्याहून अधिक वजन सोडा आणि भरणा यांचंच असतं. तो भरणा मळ काढत नाही, पण पाण्याबरोबर जातो.

यातला फॉस्फेट हा नदीचा प्रश्न आहे. फॉस्फरस हे खत आहे. मातीत पडला तर पीक घेईल, पण थांबलेल्या पाण्यात पडला तर शेवाळ आणि जलपर्णी घेतात. कृष्णा उन्हाळ्यात वाहती नदी राहत नाही, हे काठावरच्या लोकांना सांगायला नको. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले की वाईपासून म्हैसाळपर्यंत ती अनेक संथ डोहांची माळ बनते. धोम-कोयनेतून पाणी सुटेपर्यंत तेच पाणी उभं. त्यात संगम माहुलीला वेण्णा येते, कराडला प्रीतिसंगमावर कोयना, ब्रह्मनाळला येरळा, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, आणि प्रत्येक नदी आपल्या काठच्या गावांचं सांडपाणी घेऊन येते. शहराचं सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या सांगलीतल्या शेरी नाल्याचा प्रश्न किती वर्षं चर्चेत आहे! शेवाळ वाढतं, मरतं, कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि मासे वर येऊन तडफडतात. शुद्धीकरण केंद्र बांधलं तरी नेहमीच्या जैविक प्रक्रियेत फॉस्फरसचा मोठा भाग तसाच पुढे निघून जातो. म्हणजे तो पाण्यात न टाकणं हाच खात्रीचा उपाय.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवराने हा धडा १९६०च्या दशकात शिकवला. शेवाळाने सरोवर गुदमरलं, दोन्ही देशांनी १९७२ मध्ये करार करून फॉस्फरसवर नियंत्रण आणलं, त्यात धुण्याच्या पावडरीवरचे निर्बंध होते. युरोपीय संघाने ३० जून २०१३ पासून घरगुती धुण्याच्या एका मापात फॉस्फरस अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसावा असा नियम केला. आपल्याकडे अशी सरसकट बंदी नाही. त्यामुळे नदीकाठच्या माणसाने पुड्यावर ‘फॉस्फेटविरहित’ हे शब्द शोधावेत, घटकांच्या यादीत ‘एसटीपीपी’ किंवा ‘सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट’ दिसलं तर पुडा परत ठेवावा. कृष्णेच्या फॉस्फरसमध्ये मैल्याचा आणि उसाच्या शेतातून वाहून आलेल्या खताचा वाटा मोठा आहे, हे खरं. पण त्या दोन गोष्टी बदलायला नगरपालिका, पाटबंधारे खातं आणि हजारो शेतकरी लागतात. पुडा बदलायला एक माणूस पुरतो.

फेसाबद्दलही बोललं पाहिजे, कारण निवड चुकते ती तिथेच. आपल्याकडे सर्फ १९५९ मध्ये आला, अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये निरमा सुरू केला, आणि बादलीभर फेस म्हणजे स्वच्छ धुणं ही समजूत घरोघर बसली. फेसाचा आणि मळ निघण्याचा संबंध फार थोडा आहे. पूर्ण भरलेल्या वॉशिंग मशीनमध्ये जास्त फेस उलट कपडे एकमेकांवर घासू देत नाही, आणि तो काढायला पाण्याची एक फेरी वाढते. दुष्काळी गावात ही एक फेरी म्हणजे दोन बादल्या. म्हणून कमी फेसाची पावडर ‘कमी ताकदीची’ समजू नका.

१९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर साचत, कारण तेव्हाचा मळ सोडवणारा घटक निसर्गात विघटितच होत नसे. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे त्याची जागा विघटन होणाऱ्या एलएएसने घेतली. आज जवळपास प्रत्येक कंपनी ‘जैवविघटनशील’ असं छापते, त्यामागे हे एलएएसच असतं, आणि दावा खोटा नाही. पण त्याला अट आहे: विघटनासाठी प्राणवायू हवा. खळाळत्या पाण्यात, उघड्या मातीत, हवा मारणाऱ्या शुद्धीकरण केंद्रात एलएएस लवकर मोडतं. सेप्टिक टँकमध्ये आणि बंधाऱ्यामागच्या काळ्या गाळात ते तसंच पडून राहतं. म्हणून ज्यांचं मोरीचं पाणी सेप्टिक टँकमध्ये जातं त्यांनी ती जोडणी तरी बदलावी, नाहीतर साबणाचा किंवा वनस्पतीजन्य अल्कोहोलपासून केलेल्या घटकांचा द्रव डिटर्जंट घ्यावा. त्यांचं प्राणवायूशिवायही विघटन होतं. घटकांत ‘नोनिलफिनॉल’ हा शब्द दिसला तर मात्र ती वस्तू कुठल्याही पाण्यासाठी घेऊ नका. त्याचे तुकडे माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतात, आणि युरोपने २००३ मध्येच धुण्याच्या मालात त्यावर निर्बंध घातले.

आता माती. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, मिरज, पलूस भागात क्षारपड जमीन म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. काळी भारी जमीन, उसाला वारेमाप पाणी, निचरा नाही, आणि हळूहळू वर आलेला पांढरा थर. त्यात सोडियम वाढला की मातीचे कण विस्कटतात, जमीन चोपण होते, पाणी वरच साचतं, मूळ गुदमरतं. धुण्याच्या पावडरीतला सोडा, सल्फेट, मीठ ही सगळी सोडियमचीच संयुगं. शेताच्या मानाने एका घराचं धुणं किरकोळ आहे. पण तेच पाणी रोज परसातल्या एकाच वाफ्यात जात असेल, तर चार-पाच वर्षांत त्या वाफ्याची माती दगडासारखी होते, वांगी-मिरची पिवळी पडते, आणि दोष बियाण्याला दिला जातो.

म्हणून ज्यांचं धुण्याचं पाणी परसबागेत जातं त्यांनी फॉस्फेटपेक्षा भरण्याकडे आणि मिठाकडे लक्ष द्यावं. अशा घरात द्रव डिटर्जंट पावडरीपेक्षा बरा, कारण त्यात सोड्याचा आणि सल्फेटचा भरणा नसतो. पोटॅशचा द्रव साबण मिळाला तर सर्वांत उत्तम. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि ते झाडाचं अन्नच आहे. फक्त फार जड पाण्यात त्याचीही मळी होते, तेव्हा बाटलीतली चाचणी करूनच घ्या. ‘बोरॅक्स’ किंवा ‘परबोरेट’ असलेली वस्तू बागेच्या पाण्यासाठी टाळा. बोरॉन थोडा जास्त झाला तरी लिंबूवर्गीय झाडांची पानं करपतात. आणि काहीही वापरलं तरी पहिलं, साबणाचं गढूळ पाणी झाडांना देऊ नये. ते शोषखड्ड्यात किंवा कर्दळीच्या पट्ट्यात सोडावं. खळबळलेलं दुसरं-तिसरं पाणी केळी, आळू, नारळाला चालतं. कोथिंबीर, मेथी, मुळा अशा थेट खायच्या पाल्यावर ते टाकू नये. जागा अधूनमधून बदलत राहावी, पावसाळ्यात मातीला धुऊन निघू द्यावं. शोषखड्डा विहिरीपासून आणि बोअरपासून लांब हवा, हे वेगळं सांगायला नकोच.

दुकानातल्या शब्दांपैकी ‘नैसर्गिक’, ‘हरित’, ‘इको’, ‘वनस्पतीजन्य’ यांना एकट्याने काही अर्थ नाही. वनस्पतीजन्य काय आणि किती, हे लिहिलेलं नसेल तर तो शब्द वाचलाच नाही असं समजा. केंद्र सरकारने १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ योजना आणली, मातीचा घडा हे तिचं चिन्ह. साबण आणि डिटर्जंट हे तिच्यातल्या वस्तूंपैकीच. योजना फारशी रुजली नाही, घड्याचं चिन्ह असलेला पुडा आपल्या बाजारात सहसा दिसत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचे नवे नियम निघाले आहेत, तेव्हा पुढच्या काळात ते चिन्ह शोधत राहावं, दुकानदाराकडे मागावंही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या खोट्या आणि मोघम दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांच्यानुसार असा दावा करणाऱ्याने तो कशाच्या आधारावर करतो हे सांगायला हवं. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून ‘यात फॉस्फेट आहे का? मळ काढणारा घटक कोणता?’ असे दोनच प्रश्न विचारा. पुड्यावर पूर्ण यादी नसते तेव्हा हा मार्ग खुला आहे, आणि कोणी सरळ उत्तर देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

किलोवर मिळणारी सुटी पावडर आपल्याकडे खूप खपते, आठवडी बाजारात तर पोत्याने. ती सरसकट वाईट नसते, पण तपासून घ्यावी. काचेच्या ग्लासात कोमट पाणी घेऊन चमचाभर पावडर ढवळा आणि तासभर ठेवा. चांगली पावडर जवळजवळ सगळी विरघळते. तळाशी जाड गाळ बसला तर वरचं पाणी ओता, गाळ दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन घ्या, मग त्यावर लिंबू पिळा. फसफसून बुडबुडे आले तर तो खडू किंवा चुनखडीचा भरणा. त्याने कपडे जुने होतात आणि मशीनची जाळी बुजते. बुडबुडे आले नाहीत तर तो झिओलाइट असू शकतो. झिओलाइट फॉस्फेटची जागा घेणारा, पाण्याला निरुपद्रवी घटक आहे, पण मातीची पूडही अशीच गप्प बसते. तेव्हा विकणाऱ्याला विचारलेलं बरं.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत महिला बचत गट धुण्याची पावडर आणि लिक्विड करतात. त्यांच्याकडून घ्यायला मला नेहमी आवडतं, कारण तिथे करणाऱ्या ताईंशी थेट बोलता येतं. बोला आणि विचारा: मीठ किती टाकता? डोलोमाइट आहे का? रंग कशाला घालता? गिऱ्हाईक मीठ नको म्हणायला लागलं की गटही कमी मीठ घालतो. आज तो घालतो कारण गिऱ्हाईक वजन आणि भाव बघतं. रिकामी बाटली घेऊन गेलात तर बरेच गट ती भरून देतात, आणि घरातला प्लास्टिकचा कचरा तिथेच थांबतो. बाजारातला माल घेताना लहान लहान पाऊचऐवजी एकच मोठी पिशवी घ्यावी. कित्येक थरांचे ते पाऊच भंगारवालाही घेत नाही, जाड प्लास्टिकची बाटली निदान तो नेतो. गटातल्या ताईंना एक विनंती: अॅसिड स्लरी हाताळताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावा. ती त्वचा जाळते.

रिठ्याचं नाव घेतलं की सगळ्यांचा चेहरा खुलतो, आणि रिठा गुणी आहेच. पाच-सहा रिठ्यांची टरफलं रात्री भिजत घालायची, सकाळी पाव तास उकळून कुस्करून गाळायची, की एका बादलीपुरतं पाणी होतं. दोन-तीन दिवसांत ते आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करावं. रोजच्या वापरातल्या, फार मळके नसलेल्या कपड्यांना, तान्ह्या बाळाच्या दुपट्यांना, रेशमी लुगड्याला, इरकली साडीला ते छान. पण उसाच्या फडातून आलेल्या, घाम आणि चिखल बसलेल्या शर्टाची कॉलर रिठ्याने निघत नाही, आणि ती निघेल असं सांगून कष्टकरी बाईचं काम दुप्पट करू नये. अजून एक गोष्ट लक्षात ठेवा: रिठ्यातला फेस करणारा घटक माशांना विषारी असतो, मासे गुंगवून पकडायला रिठा पूर्वापार वापरला गेला आहे. झाडावरून आलं म्हणून ते ओढ्यात ओतायला मोकळीक मिळत नाही.

लोकर आणि रेशीम यांच्यासाठी मात्र रिठाच पहिली निवड. माण, जत, आटपाडीकडच्या घोंगड्या अजून अनेक घरांत आहेत. लोकर हे प्रथिन आहे. सोड्याच्या पावडरीने ती खरखरीत होते आणि एन्झाइम असलेल्या डिटर्जंटमधला प्रथिनं तोडणारा भाग तिचाच धागा खातो. खरं तर घोंगडी फार धुवूच नये. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, धुतली की खळ जाते आणि घोंगडी लुळी पडते. झटकून कडक उन्हात टाका, डाग पडला तर तेवढीच जागा रिठ्याच्या गार पाण्याने पुसा.

घरगुती उपायांपैकी दोन नीट समजून घ्या. संत्र्या-लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी आंबवून केलेलं ‘बायो-एन्झाइम’ फरशी आणि मोरीला चांगलं, कपड्याच्या तेलकट मळाला पुरत नाही. आणि खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र टाकले की फसफस होते ती दोघांनी एकमेकांना निकामी केल्याची; उरतं ते जवळजवळ साधं पाणी. ते वेगवेगळे वापरा. जड पाण्यात भिजवण्याआधी बादलीत एक चमचा धुण्याचा सोडा टाकून दहा मिनिटं थांबलात तर पाण्याचा जडपणा उतरतो आणि डिटर्जंट निम्मा लागतो. मात्र ते पाणी बागेत जाऊ देऊ नका. आणि टॉवेल कडक होत असतील तर शेवटच्या खळबळीत थोडं व्हिनेगर पुरतं, सुगंधी सॉफ्टनर लागत नाही.

डागांसाठी लोक सर्वांत कडक पावडर घरात आणतात आणि मग रोजच्या साध्या कपड्यांनाही तीच वापरतात. त्याऐवजी डाग वेगळा धुवा. सांगली हळदीची पेठ. तिथल्या प्रत्येक घरात हळदीचा डाग ओळखीचा. साबण लावताच तो लाल होतो म्हणून घाबरून ब्लीच ओतू नका. हळदीचा रंग क्षाराने लाल दिसतो आणि सूर्यप्रकाशात मोडतो. साबणाने धुऊन ओला कपडा उन्हात घाला, एक-दोन दुपारींत डाग फिकट होऊन जातो. महाबळेश्वर-पाचगणीच्या तांबड्या मातीचा चिखल ओला असताना चोळू नका, वाळू द्या आणि ब्रशने झटका. राहिलेल्या तांबूस छटेला लिंबू लावा. तिथे क्लोरीनचं ब्लीच काही करत नाही, लोहाचा डाग उलट पक्का होतो. दूध, अंडं, रक्त यांना गार पाणी आणि एन्झाइमवाली पावडर, अर्धा तास भिजत. चमक द्रव्यांची गरज रंगीत कपड्यांना नसते. पांढऱ्या गणवेशापुरता वेगळा छोटा पुडा ठेवा.

एवढं करून झाल्यावर सर्वांत मोठी बचत मापाची. या महिन्यात नेहमीच्या मापातून चौथा हिस्सा कमी करा. कपडे स्वच्छ निघाले तर पुढच्या महिन्यात आणखी थोडं. जिथे फरक दिसू लागेल तिथे थांबा. ते तुमच्या पाण्याचं माप. मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका. हाताने धुणाऱ्यांनी कपडे अर्धा तास भिजू द्यावेत, आणि शेवटच्या खळबळीचं पाणी दुसऱ्या दिवसाच्या भिजवणीला ठेवावं. वाई, माहुली, कराडच्या घाटांवर आजही धुणं होतं. तिथे जाणाऱ्यांना एवढंच सांगणं, की नदीचं पाणी बादलीत घ्या, साबण लावून धुवा, आणि पहिलं पाणी पात्रात न सोडता काठावरच्या मातीत, पायऱ्यांपासून लांब ओता. मातीत एलएएस मोडतं, डोहाच्या तळाशी मोडत नाही.

एका ठिकाणी मात्र माप कमी करायचं नाही. तासगाव, पलूस, मिरज, खानापूरच्या द्राक्षबागांत फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. त्यांना वेगळी बादली, हातात रबरी मोजे. ते न्हाणीत न आणता अंगणातच धुवा, आणि गरोदर बाई किंवा मूल तिथे नको. आधी साध्या पाण्याने खळबळून घ्या, मग कोमट पाणी आणि पूर्ण माप डिटर्जंट घेऊन दोनदा धुवा. रिठा आणि साधा साबण इथे पुरेसे नाहीत. कपडे वेगळ्या दोरीवर, उन्हात. ते पाणी ओढ्यात नको, परसबागेत नको, विहिरीच्या उताराकडेही नको. बांधाच्या लांबच्या कोपऱ्यात, जिथे जनावरं चरत नाहीत, तिथल्या मातीत जिरवा. औषध कपड्यावर थेट सांडून तो भिजला असेल तर धुवायच्या भानगडीत न पडता तो टाकून द्या.